परवा, पानिपत आणि पुढचा काळ



मघाशी कार्यकर्ते बोलवायला आले, तेव्हा आम्ही आतूनच सांगितले, "हा आलोच!" वास्तविक त्या वेळी आमच्या पायांत चपलाही नव्हत्या. घरातून निघताना म्हणालो, "येतो." जे घडायचे आहे ते भूतकाळात, आणि जाण्याला येणे! यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. वेल्स या इंग्रज लेखकाच्या नायकाला काळात मागेपुढे जाण्यासाठी १८९५ साली एक यंत्र लागले. आपले काम जिभेवरच भागते.

विज्ञानकथेचा लेखक काळाशी खेळतो तो अखेर आपल्या भाषेतील शब्दांनीच. हे शब्द त्याच्या कल्पनेला वाट दाखवतात आणि प्रसंगी कुंपणही घालतात. एवढेच आज आम्हांला सांगायचे आहे.

'परवा' हा शब्द घ्या. हिंदीत काल आणि उद्या या दोहोंना 'कल' म्हणतात. मराठीने हे दोन दिवस निराळे केले. पण एक दिवस पलीकडे गेले की आपलाही शब्द एकच. परवा गेलो, परवा जाईन. दिशा क्रियापद सांगते. म्हणून आपल्याला मागचे-पुढचे कळत नाही काय? अमेरिकेतील होपी जमातीविषयी व्हॉर्फ नावाच्या अभ्यासकाने तसेच काहीसे म्हटले होते, की त्यांच्या भाषेत आपल्यासारखी काळाची कल्पना नाही. १९८३ साली मालोत्की यांनी भलामोठा ग्रंथ लिहून होपी भाषेतील काळवाचक शब्दांची रासच पुढे मांडली. तात्पर्य, भाषा माणसाला कोंडत नाही; सवय लावते. कथालेखकाला तेवढेही पुरते. टेड चियांग यांच्या १९९८ मधील एका कथेत एक विदुषी परग्रहवासीयांची लिपी शिकते, आणि शिकता शिकता तिला पुढे घडणाऱ्या गोष्टी आठवू लागतात!

आता आपल्या घरात येऊ. दिवंगत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे आपली आद्याक्षरे उलटी करून. आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. त्यांचीच दुसरी कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे हे प्राध्यापक अशा एका मुंबईत जाऊन पोचतात, की जिथे १७६१ साली मराठे जिंकले आहेत. विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली आहे. तिथल्या एका सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी पाहून पंत व्यासपीठावर चढतात आणि लोक त्यांच्यावर उठतात. कारण त्या जगात अध्यक्षीय समारोप आणि आभारप्रदर्शन केव्हाच बंद झालेले असते. आमच्या अध्यक्षमहाराजांनी हे मनाला लावून घेऊ नये.

ही कथा इंग्रजीत 'द ॲडव्हेंचर' झाली. नावातले पानिपत गेले, ते जाणारच. मराठीत पानिपत हे केवळ गावाचे नाव राहिलेले नाही. परीक्षेत, निवडणुकीत, व्यापारात माणसाचे पानिपत होते. एका दिवसाचा पराभव आपल्या बोलण्यात कायमचा मुक्कामाला आला. पण गंगाधरपंत ज्या जगात गेले, तिथे या शब्दाचा अर्थ विजय असाच झाला असता, आणि कथेचे नाव तिथल्या मराठी माणसाला कळलेच नसते!

'झाला असता' हे रूप आपण बहुधा उसासा टाकण्यासाठी वापरतो. विश्वासराव वाचले असते तर, पाऊस वेळेवर पडला असता तर. नारळीकरांनी त्याच रूपाने विचारले, की मग पुढे काय काय निराळे झाले असते? उसासा मागे पाहत बसतो. प्रश्न पुढे नेतो.

आणि हा प्रश्न आपल्याला का हवा? आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून निराळा निघाला, पण 'मागास' हे विशेषण सोबत घेऊनच. हाही काळाचाच शब्द आहे. मागास म्हटले, की दुसऱ्या कोणाचा काल तो आपला उद्या ठरतो. मग आपली मुले भविष्यकाळ म्हणून पुण्या-मुंबईचा वर्तमानकाळच रंगवणार.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, खर्च २,६०० कोटी रुपये. अशी पहिली लहर अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली गेली. दोन कृष्णविवरे एक झाल्याची ती वार्ता सुमारे १३० कोटी वर्षे वाटेत होती. तिच्यापुढे हिंगोली काय आणि न्यूयॉर्क काय, दोघेही सारखेच उशिरा पोचलेले! मग मागास कोण?

या वेधशाळेवरची पहिली कथा कयाधूकाठच्या एखाद्या मुलीने लिहावी, आपल्याच मराठीत, 'परवा' आणि 'आलोच' यांच्यासकट. आणि तिच्यात 'असते तर' हा उसासा नसावा, प्रश्न असावा. तिला वही आणि वेळ देणे आपल्या हाती आहे.

येतो.