माणूस हे तारण नव्हे

(अहमदपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



नोकरभरतीचा व्यवसाय आणि नीती, असा आजचा विषय आहे. हे शब्द कानी पडले की डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईतील एखादे काचेचे कार्यालय उभे राहते. परंतु अहमदपुरात बसून या व्यवसायाचा विचार करायचा, तर आरंभ मुकादमापासूनच केला पाहिजे. आपला तालुका बालाघाटच्या डोंगररांगांतला. जमीन बरीचशी हलकी, शेती पावसाच्या भरवशावरची. इकडे अहमदपूर-जळकोट आणि पलीकडे कंधार-लोहा या पट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागतो, कोणी कर्नाटकाच्या. त्यांना नेणाऱ्या मुकादमाच्या दारावर पाटी नसते, त्याच्यापाशी संगणक नसतो. पण काम मात्र तो भरती संस्थेचेच करतो. कारखान्याला माणसे हवी असतात आणि माणसांना काम हवे असते. या दोघांच्या मधला दुवा तो.

या दुव्याचा मोबदला ठरलेला आहे. जानेवारी २०२४मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात तोडगा निघाला. तोडणीचा दर टनामागे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला आणि मुकादमाचे कमिशन एका टक्क्याने वाढून २० टक्के झाले. मध्यस्थाने मोबदला घ्यावा यात गैर काही नाही. माणसे जमवणे, त्यांना ने-आण करणे, फडावर टोळी सांभाळणे हे श्रमाचेच काम आहे. प्रश्न कमिशनचा नाही, प्रश्न उचलीचा आहे.

उचल म्हणजे कामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. पावसाळ्यात घरात पैसा नसतो. बी-बियाणे, मुलीचे लग्न, दवाखाना असे सगळे खर्च त्याच वेळी उभे राहतात. अशा वेळी मुकादम दारी येतो आणि एका कोयत्याला उचल देतो. येथे 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन जिवांची ओळख त्यांच्या हातातल्या हत्याराच्या नावाने व्हावी, हीच मुळात विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आता साधा हिशेब मांडू. एका जोडीने एक लाख रुपये उचल घेतली. दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर ३६६च्या दराने दिवसाचे ७३२ रुपये होतात. म्हणजे लाख रुपये फिटायला जवळजवळ १३७ दिवस लागतात, आणि तेही एकही खाडा न करता. मधल्या काळातील किराणा आणि औषधपाणी वेगळेच. हंगाम शंभर दिवसांत आटोपला, तर ७३,२०० रुपये फिटतात आणि २६,८०० रुपये अंगावर राहतात. ती बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवली जाते. म्हणजे ज्या दिवशी माणूस घरी परततो, त्याच दिवशी पुढच्या हंगामाचा त्याचा मालकही ठरलेला असतो.

या हिशेबातला 'खाडा' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. कामावर न गेलेल्या दिवसाचा दंड म्हणजे खाडा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे त्या वेळी समोर आले. त्यामागची कारणे अनेक आहेत. परंतु खाडा पडू नये, हा ताण त्यांपैकी एक म्हणून पुढे आला. खातेवहीतला एक आकडा एका मातेच्या देहापर्यंत कसा पोहोचतो, ते येथे दिसते.

मग मुकादम दुष्ट आहे काय? तसे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते सत्याला धरून होणार नाही. मुकादम बहुधा आपल्याच गावचा, आपल्याच भावकीतला. अनेकदा कालपर्यंत स्वतः कोयता हाती धरलेला. त्याच्यावरचा दाब पाहा. कारखान्याला ठरावीक महिन्यांतच गाळप उरकायचे असते. तुटलेला ऊस फडात पडून राहिला, तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. म्हणून कारखाना मजुरांसाठी वाहतूकदाराला आगाऊ रक्कम देतो, वाहतूकदार मुकादमाशी करार करतो आणि मुकादम ती रक्कम कोयत्यांना वाटतो. एखादी जोडी उचल घेऊन आलीच नाही, तर बुडालेली रक्कम मुकादमाच्या बोकांडी बसते. त्याची जमीन, त्याचे घर गहाण पडते. दोन मुकादमांकडून उचल घेणारे मजूर आहेत, तसे दोन वाहतूकदारांना फसवणारे मुकादमही आहेत. मग वसुलीसाठी माणसे डांबून ठेवण्यापर्यंत मजल जाते.

या साखळीत जोखीम पायरीपायरीने खाली उतरते आणि सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसापाशी थांबते. त्याच्यापाशी तारण ठेवायला शेत नाही, सोने नाही. तो स्वतःच तारण होतो. मध्यस्थाचे भांडवल माणसाच्या अंगावर अडकले की मध्यस्थाची नीती टिकत नाही, कारण माणसाचे स्वातंत्र्य हाच त्याच्या लेखी तोटा ठरतो. माझ्या मते या व्यवसायातील सर्व अनीतीचे मूळ येथे आहे.

ही गोष्ट आजची नाही. मॉरिशसमध्ये १८३४पासून गिरमिटिया मजूर नेले गेले आणि पुढे त्यांत मराठी मजूरही होते. त्यांना भुलवून नेणाऱ्या दलालाला 'अरकाटी' म्हणत. माणसामागे पैसे मिळत असल्याने माणूस कोठे चालला आहे, तेथे त्याचे काय होणार आहे, हे खरे सांगण्यात अरकाट्याचा फायदा नव्हता. ४ मार्च १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी ही पद्धत बंद करण्याचा ठराव केंद्रीय कायदेमंडळात मांडला. मजुराला करारातील अटींची खरी कल्पना नसते, हा त्यांचा एक प्रमुख आक्षेप होता. ठराव त्या दिवशी फेटाळला गेला. पण १९१७मध्ये गिरमिटाची भरती थांबली. मुंबईच्या कापडगिरण्यांतही जॉबर भरती करी आणि नोकरी मिळवून देण्याबद्दल कामगाराकडून दस्तुरी घेई. ती सत्ता मोडण्यासाठी गिरणीमालकांनी १९३५मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली.

आपली शिकलेली मुले या जाळ्याबाहेर आहेत, अशा भ्रमात राहू नये. शिक्षणासाठी नावाजलेल्या आपल्या भागातील तरुण चाकण-भोसरीला जातो, तेथे कंपनीच्या दारात ठेकेदार उभा असतो. काही जण 'प्लेसमेंट'च्या नावाखाली मुलाकडूनच रक्कम घेतात. परदेशच्या नोकरीत तर आकडा लाखांत जातो. वास्तविक १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी भरती करणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक घेता येत नाही. त्याची पावतीही द्यावी लागते. हे किती पालकांना ठाऊक आहे? थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी म्हणून नेलेले तरुण म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकले. मार्च २०२५मध्ये वायुसेनेच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना दोन दिवसांत मायदेशी आणले. अरकाटी आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आला आहे, एवढाच काय तो फरक.

फडावरच्या मजुराला आगाऊ पैसे मिळतात आणि शहरात किंवा परदेशात जाणाऱ्या मुलाला आगाऊ पैसे भरावे लागतात. वरवर पाहता या दोन उलट गोष्टी वाटतात. पण परिणाम एकच. कामाचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वीच माणूस कर्जबाजारी झालेला असतो, आणि कर्जबाजारी माणूस अन्यायाला 'नाही' म्हणू शकत नाही. म्हणून या व्यवसायाच्या नीतीची कसोटी मी एका प्रश्नात सांगेन. भरतीचा खर्च आणि भरतीची जोखीम कोण सोसतो? ज्याला माणूस हवा आहे तो सोसत असेल, तर व्यवसाय शुद्ध. ज्याला भाकरी हवी आहे त्याच्यावर ती ढकलली जात असेल, तर व्यवहार कितीही कायदेशीर दिसो, तो अशुद्धच.

हे व्यवहारात शक्य आहे काय? महाराष्ट्राने ते करून दाखवले आहे. मुंबईच्या बाजारांतील आणि गोदामांतील हमाल एके काळी टोळीवाल्यांच्या हाती होते. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९मध्ये माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी आणि त्यावरील लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने ती नोंदणीकृत कामगाराला द्यायची. भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस याच लेव्हीतून. पुढे या व्यवस्थेतही दोष शिरले, हे खरे. तरीही मजुराच्या मजुरीवरून मध्यस्थाचा हात निघाला, हे त्याचे मोठेपण कमी होत नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असेही ठरले. ही सुरुवात चांगली आहे. पण जोवर कारखाना 'हे आमचे कामगार नव्हेत' असे म्हणू शकतो आणि उचलीची जोखीम खालीच राहते, तोवर महामंडळ जखमेवर मलम लावील. जखम थांबणार नाही.

कायद्यातील एक उणीवही सांगितली पाहिजे. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९चा कायदा होता; तो २०२०च्या संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. परंतु दोन्हींचा भर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या कामगारावर आहे. म्हणजे अहमदपूरचा मजूर बेळगाव जिल्ह्यात गेला, तर स्थलांतरित. आणि कोल्हापूर जिल्ह्यात गेला, तर त्या व्याख्येच्या बाहेर! कोपीतला गारठा मात्र दोन्हीकडे सारखाच असतो. दुसरीकडे १९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा स्पष्ट आहे. कर्जापोटी माणसाचे दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य हिरावले, तर ती वेठबिगारी होय, आणि ते कर्ज कायद्याने रद्द ठरते.

आता आपल्या कर्तव्याकडे वळू. केवळ शासनाकडे बोट दाखवून समाजाची जबाबदारी संपत नाही. आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी गावागावांत चार गोष्टी केल्या, तरी पुष्कळ होईल. पहिली, प्रत्येक कोयत्याची स्वतःची हिशेबवही असावी. उचल, रोजचे वजन, खाडा आणि बाकी यांची नोंद तिच्यात व्हावी आणि ती मजुरापाशी राहावी. दुसरी, जाणाऱ्या कुटुंबांची यादी ग्रामपंचायतीत असावी; कोण, कोणत्या कारखान्याला, कोणाबरोबर गेले, हे गावाला ठाऊक असावे. तिसरी, पावसाळ्यातली नड बचत गटातून किंवा पतसंस्थेतून भागावी, म्हणजे उचलीचा आकडा लहान राहील. चौथी, परदेशी जाणाऱ्या मुलाच्या एजंटाची नोंदणी सरकारी ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहिल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये.

आणि मुकादमालाही आपल्यापासून दूर लोटू नये. तो आपल्याच गावात राहतो, आपल्याच सप्त्यात येतो. सचोटीने हिशेब ठेवणाऱ्या, आजारपणाचा खाडा न लावणाऱ्या मुकादमाला गावाने मान द्यावा. चांगल्या मध्यस्थाची प्रतिष्ठा वाढली, तरच वाईटाची पत घटेल.

बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी कायकाचा विचार दिला. प्रामाणिक श्रम हीच उपासना, हा संस्कार आपल्या या भूमीत अजून जिवंत आहे. श्रम ही उपासना असेल, तर श्रमाला माणूस मिळवून देणाऱ्याचे कामही पवित्रच झाले पाहिजे. ते पवित्र व्हायचे असेल, तर एकच पथ्य पाळावे लागेल. पैशाला तारण मागा, धान्याला मागा, जमिनीला मागा. पण भुकेपोटी घर सोडणाऱ्या माणसालाच तारण करू नका. येत्या दसऱ्याला आपल्या गावातून गाड्या निघतील, तेव्हा त्या गाडीतील प्रत्येक जोडीचा हिशेब तिच्याच हाती असेल, एवढा संकल्प आपण करू या.