सही घेण्याआधी

आज डॉक्टर म्हणून बाहेर पडणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

पुण्याच्या ससून रुग्णालयाची जुनी दगडी इमारत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. 1863 साली तिचं काम सुरू झालं आणि 1867 साली ते पुरं झालं. आराखडा लष्करी इंजिनिअर कर्नल विल्किन्स यांचा, आणि देणगीतला मोठा वाटा डेव्हिड ससून यांचा. बगदाद सोडून मुंबईत आलेल्या या ज्यू व्यापाऱ्याने कापसात आणि अफूत अमाप पैसा कमावला. ज्या अफूने चीनमधले संसार धुळीला मिळवले, तिच्याच पैशातून पुण्यातल्या गोरगरिबांना खाट मिळाली. यातली एक गोष्ट सांगताना दुसरी झाकू नये, असं माझं मत आहे.

इमारत चार वर्षांत उभी राहिली. सरकारी डॉक्टरकडे लोकांनी आपणहून यावं, हे मात्र साम्राज्याला साधलं नाही. 1897 च्या प्लेगात तर सगळंच विस्कटलं. गोरे शिपाई घरात घुसून झडत्या घेत. रोग्याला उचलून प्लेगच्या इस्पितळात नेत आणि घरच्यांना छावणीत. रोग खरा होता, रोग्याला वेगळं ठेवणंही योग्यच होतं. पण विचारलं कुणालाच नाही. लोक आजारी माणसं लपवू लागले. 22 जूनच्या रात्री, झडत्यांची ही मोहीम चालवणाऱ्या रँड या अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली. त्याच साली पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात प्लेगचे रोगी आणत होत्या. त्या सेवेतच प्लेग होऊन 10 मार्चला त्या गेल्या. त्यांच्यामागे ना कायदा होता, ना शिपाई.

आता 12 जानेवारी 1924 ची रात्र. येरवडा तुरुंगातले कैदी महात्मा गांधी अपेंडिक्सच्या दुखण्याने ससूनमध्ये आणलेले. शस्त्रक्रिया करणार इंग्रज सर्जन कर्नल मॅडॉक. गांधीजींच्या मनातले डॉक्टर होते दलाल आणि जीवराज मेहता, पण तितका वेळ हातात नव्हता. कैदी दगावला तर देश पेटेल, ही सरकारला धास्ती. नेमस्त नेते श्रीनिवास शास्त्रींना बोलावून संमतीचं निवेदन लिहून घेतलं गेलं. गांधीजींनी गुडघे वर घेऊन, थरथरत्या हाताने त्यावर पेन्सिलीने सही केली. मॅडॉक यांच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे, असं त्यात होतं. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. इस्पितळांवर ‘हिंद स्वराज’मध्ये कडाडून टीका करणारा माणूस असा वाचला, आणि 5 फेब्रुवारीला सरकारने त्याला सोडूनही दिलं.

त्या कैद्याची संमती सरकारने घेतली, कारण त्याच्यामागे देश उभा होता. 1897 मध्ये पेठांतल्या माणसांमागे कुणी नव्हतं, म्हणून त्यांना विचारायची गरजच कुणाला वाटली नाही. हा फरक मला फार अस्वस्थ करतो, कारण तो आजच्या वॉर्डातही दिसतो. ओळखीच्या पेशंटला आपण सगळं नीट समजावतो आणि खेड्यातून आलेल्या आजीपुढे नुसता फॉर्म सरकवून “इथे अंगठा लावा” म्हणतो.

उद्यापासून असे फॉर्म तुमच्या हातात येतील. माझी एवढीच विनंती आहे: आजींच्या शेजारी स्टूल ओढून बसा, काय करणार आहोत ते त्यांच्या भाषेत सांगा, त्यांचे प्रश्न ऐकून घ्या, आणि मगच शाईचा पॅड पुढे करा.