कॅमेऱ्यापुढचा माणूस



अनुबोधपटांवर बोलण्यासाठी कामगार संघटनेच्या माणसाला का बोलावले, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आमचा अधिकार एवढाच की, गेटसभेत उभे राहून आम्ही वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या हालांच्या गोष्टी सांगत आलो. ते काम जोखमीचे असते. म्हणून आनंद पटवर्धन यांच्या अनुबोधपटांच्या आधाराने आम्ही आज एकच प्रश्न मांडणार आहोत : ज्याची गोष्ट सांगावयाची, त्याला सांगणाऱ्याची झडती घेण्याचा हक्क आहे की नाही?

अनुबोधपट म्हटले की आमच्या वयाच्या लोकांना मुख्य चित्रपटापूर्वीची ती दहा-पंधरा मिनिटे आठवतात. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने असे असंख्य पट काढले. त्यांत चांगलेही पुष्कळ होते. परंतु बहुतेकांची रीत ठरलेली. पडद्यावर माणसे धरणावर किंवा कारखान्यात राबत असत आणि पडद्यामागचा एक भारदस्त आवाज त्यांच्याविषयी बोलत असे. ती माणसे स्वतः क्वचितच बोलत.

पटवर्धनांचा ‘हमारा शहर’ १९८५ साली आला. मुंबईतील पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांचा हा पट. १९८१ पासून पदपथवासीयांना हुसकावण्यावरून खटला चालू होता. १९८५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मात्र आगाऊ सूचना देऊन पदपथावरील झोपड्या हलविता येतील. कायद्याच्या ग्रंथात हा निकाल मोठा मानला जातो. पण ज्याने इमारतीच्या विटा वाहिल्या त्याचीच झोपडी त्या इमारतीच्या सावलीत का पाडली जाते, हे निकालपत्र वाचून दिसत नाही. ते या पटात दिसते.

या पटात एक प्रसंग आहे. नुकतीच झोपडी पाडली गेलेली एक बाई कॅमेऱ्यावरच उलटते. गरिबांची छायाचित्रे काढून तुम्ही नाव मिळविणार, आमच्यासाठी काय करणार, अशा आशयाचे ती संतापून बोलते. पटवर्धनांना तो तुकडा कापून टाकता आला असता. त्यांनी तो ठेवला. आमच्या मते साऱ्या पटाचा कणा तोच आहे, कारण पाहणाऱ्यालाही तो प्रश्न चुकविता येत नाही. तिकीट काढून हळहळलो, पुढे काय?

पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. १९८६ साली नरिमन पॉइंटजवळची संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली. तेव्हा शबाना आझमी आणि पटवर्धन वस्तीतील लोकांबरोबर उपोषणास बसले, आणि रहिवाशांना गोरेगावला पर्यायी जागा मिळाली. त्या बाईच्या प्रश्नाचे हे संपूर्ण उत्तर नव्हे, पण उत्तराला सुरुवात करण्याची ही एक रीत होती.

दुसरी रीत चिकाटीची. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. चौथ्या दिवशी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. ‘हमारा शहर’मध्ये गाणारे ते हेच शाहीर. तेथून पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ सुरू होतो, आणि तो पुरा होतो २०११ साली, म्हणजे चौदा वर्षांनी! जमाव टँकर पेटविणार होता म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, अशी सरकारी बाजू होती. चौकशी आयोगाला ती पटली नाही. या पटात चित्रफीत आणि घटनास्थळ यांचा मेळ घालून ती सबब आपल्या डोळ्यांदेखत तपासली जाते. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने शिक्षा ठोठावली ती २००९ साली. वृत्तपत्राला बातमी दुसऱ्या दिवशी लागते, पण न्यायाला बारा वर्षे लागली. तोवर तेथे जात-येत राहणारा कोणी असला, तरच त्या बातमीचा इतिहास होतो.

आता आमच्या जिव्हाळ्याचा विषय. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेला, असे कधी झालेच नाही. त्यानंतर गिरण्या चालविण्यापेक्षा त्यांच्या जमिनी विकणे किफायतशीर ठरले. चार वर्षांच्या टाळेबंदीनंतर न्यू ग्रेट ईस्टर्न गिरणीचे कामगार आत शिरले आणि त्यांनी गिरणीचा ताबा घेतला, त्यावर पटवर्धनांचा १९९६ चा एक छोटा पट आहे. आज गिरणगावात चकचकीत दुकाने आहेत. येथे कोणी काय काम केले, हे तेथील फरश्या सांगत नाहीत.

कोणी म्हणेल, पटवर्धन एका बाजूचे आहेत. आहेतच, आणि ते ती बाजू लपवीत नाहीत. पण आपल्यावर रागावलेल्या माणसालाही ते पटात जागा देतात. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ दूरदर्शनने दाखवावा म्हणून त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले, आणि २००६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. ज्यांना निःपक्षपातीपणाची एवढी चाड, त्यांना लोकांनी स्वतः पाहून ठरवावे याची भीती का वाटावी?

संस्था, संघटना, पक्ष, सगळ्यांची इतिवृत्ते आम्ही पाहिली आहेत. त्यांत ठराव असतो, सूचक असतो, अनुमोदक असतो. मागच्या रांगेत उभा राहून ‘हे आम्हांला मान्य नाही’ म्हणणारा मात्र नसतो. त्या माणसाशिवाय लिहिलेला इतिहास म्हणजे मानपत्र.

आपल्या गावातही बंद पडलेला कारखाना असेल, उठविलेली वस्ती असेल, तेथे राबलेली वृद्ध माणसे असतील. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. त्यांच्याकडे जा, त्यांचे बोलणे टिपून ठेवा. एखाद्या म्हातारीने ‘याचा मला काय उपयोग?’ असे विचारले, तर कॅमेरा बंद करू नका. तेही टिपा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.