संध्याकाळी सातची मालिका आणि आपली मुले

(वर्षावासातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्यासपीठावरून मोठमोठ्या विषयांवर भाषणे होतात. आमच्या वाट्याला आलेला विषय घरगुती आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास लागणाऱ्या मालिकांत विषप्रयोग, अपहरण, गर्भवतीला जिन्यावरून ढकलणे, सुनेला कोंडून ठेवणे अशी दृश्ये असावीत काय, एवढाच तो प्रश्न. परंतु तो आपल्या प्रत्येक घरात रोज येऊन बसतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे.

'नसावीत' असे झटकन उत्तर देऊन मोकळे होता येईल. ते आपल्याला परवडणारे नाही. 18 मे 2019 पासून स्टार प्रवाह वाहिनीवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' ही मालिका सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात अँड टीव्हीवर हिंदी 'एक महानायक' आली, ती रात्री साडेआठला. बाबासाहेबांचे बालपण दाखवायचे म्हणजे शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसणे, शिपायाने उघडल्याशिवाय नळाचे पाणी न मिळणे, आणि 1901 सालचा मसूर स्टेशनपासूनचा बैलगाडीचा तो तहानलेला प्रवास, हे आलेच. ही दृश्ये अस्वस्थ करणारी नाहीत असे कोण म्हणेल? तरी ती मुलांपासून लपवावीत असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या वस्तीत मुलांनी मालिका पाहून प्रश्न विचारले, तेव्हा कित्येक आजी-आजोबांनी गावच्या विहिरीची हकीकत घरात प्रथमच सांगितली.

मग फरक कोठे आहे? मालिका आपल्याला कोणाच्या बाजूला उभे करते, यात तो आहे. तहानलेल्या मुलाचे दृश्य पाहणारा त्या मुलाच्या बाजूला उभा राहतो. सासू सुनेच्या दुधात काही मिसळते ते दृश्य मात्र तीन-तीनदा, ढोलाच्या ठोक्यावर, तिच्या डोळ्यांतील आनंदासह दाखवले जाते. तेथे दुःख हे दुःख राहत नाही, ती करमणूक होते. हुंडा, मारझोड, व्यसन हे विषय मालिकांनी जरूर घ्यावेत, ते आपल्याच घरांतले आहेत. परंतु मार खाणाऱ्या बाईला मन आहे हेच ज्या मालिकेला ठाऊक नाही, तिने तो विषय घेतला असे आम्ही मानत नाही.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक गंभीर वाटते. चित्रपट तीन तासांत संपतो, खलनायक पकडला जातो. मालिका मुद्दाम भीतीच्या क्षणाशीच थांबते, कारण उद्या प्रेक्षक परत यायला हवा. मोठ्यांना हे तंत्र कळते. सहा वर्षांच्या मुलाला 'पुढील भाग उद्या' कळत नाही. त्याच्यासाठी ती बाई रात्रभर जिन्यावरच पडलेली असते, आणि आठवड्याचा शेवटचा भाग असेल तर सोमवारपर्यंत.

आता कायद्याकडे वळू. केबल दूरचित्रवाणी जाळे नियम 1994 मधील सहाव्या नियमात स्पष्ट लिहिले आहे की, मुलांसाठी अयोग्य कार्यक्रम, सर्वाधिक मुले पाहत असतील त्या वेळी दाखवू नयेत. 2011 साली वाहिन्यांनी स्वतःच ठरवले की प्रौढांसाठीचे कार्यक्रम रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात असावेत. कागदावर हे ठीक आहे. पण ही वेळ ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणते घर होते? वडील सहाला ऑफिसातून परततात, मुले नऊला आपल्या वेगळ्या खोलीत झोपतात, असे घर असावे. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत दुपारी साडेतीनच्या आसपास सुरू होणारी दुसरी पाळी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते. तेथून कंपनीची बस निगडीला, चिखलीला पोहोचणार केव्हा? संध्याकाळी सातला आमच्या कितीतरी घरांत एक पालक कामावर आणि दुसरा स्वयंपाकात असतो, आणि मुलांजवळ बसलेला असतो तो टीव्हीच. ओटा स्कीमच्या किंवा चाळीच्या एका खोलीत तर रात्री अकराची मालिकाही अंथरुणातल्या मुलाच्या कानावर पडतेच. शिवाय रात्रीच्या भागाचे दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण होते, आणि रात्रीच्या मालिकेची जाहिरात सातच्या मालिकेत येते. 'देवमाणूस' ही खुनांची मालिका 2020 मध्ये रात्री साडेदहाला लागत असे, हे योग्यच होते. पण वेळेचे बंधन पाळायचे तर ते जाहिरातींना आणि दुपारच्या पुनःप्रक्षेपणालाही हवे. आमची मुख्य मागणी हीच आहे.

तक्रार करून काय होणार, असे येथे बसलेल्यांपैकी कोणी म्हणेल. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी 2004 साली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यातून ऑगस्ट 2006 मध्ये मुंबईतील चित्रपट वाहिन्या काही काळ बंद पडल्या, आणि टीव्हीवर दाखवायच्या चित्रपटाच्या प्रमाणपत्राची चौकशी काटेकोर झाली. मालिकेला मात्र आजही प्रमाणपत्र लागत नाही. 2017 च्या जुलैत 'पहरेदार पिया की' या हिंदी मालिकेत दहा वर्षांच्या मुलाचे अठरा वर्षांच्या तरुणीशी लग्न दाखवले, तेही रात्री साडेआठला. प्रेक्षकांनी सह्यांची मोहीम चालवली, प्रसारण आशय तक्रार परिषदेने मालिका दहा वाजता नेण्यास सांगितले, आणि ऑगस्टअखेर ती बंदच झाली. बंद होणे हाच न्याय, असे आमचे म्हणणे नाही. पण सह्या वाया गेल्या नाहीत.

जून 2021 च्या नियमांनुसार तक्रार प्रथम वाहिनीकडेच करायची असते. तिने 24 तासांत पोच द्यावी आणि 15 दिवसांत निर्णय कळवावा. समाधान झाले नाही तर पुढच्या 15 दिवसांत स्वनियमन संस्थेकडे अपील करता येते. त्याहीपुढे केंद्र सरकारचे दार आहे.

विद्यार्थी मित्रांना आमची एक विनंती आहे. येता महिनाभर संध्याकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारचे पुनःप्रक्षेपण यांची वही ठेवा. वाहिनी, मालिका, तारीख, वेळ आणि दृश्यात नेमके काय होते ते लिहा. 'वाईट दाखवतात' एवढे लिहिल्याने तक्रार पुढे सरकत नाही. ज्यांच्या आई-वडिलांची दुसरी पाळी आहे, त्यांनी आपापली पाळीही नोंदवावी. वह्या पौर्णिमेच्या कार्यक्रमास आणाव्यात, तेथेच बसून अर्ज लिहू.