शंभर किलोचं पोतं आणि अमेरिकेतला फुटबॉल
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आरोग्य आणि व्यायाम’ असं छापलंय. साठी ओलांडलेल्या माणसांसमोर या विषयावर बोलायचं म्हणजे शुगर, बीपी आणि गुडघे. ते मी बोलणार नाही. त्यासाठी आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत आणि जेवणाच्या पंगतीत ते फुकट सल्ला देतात. मी बोलणार आहे अमेरिकेतल्या फुटबॉल खेळाडूंच्या ताकदीबद्दल. हसू नका. आपण सगळे मिळून शाळेला जी व्यायामशाळा देणार आहोत, तिच्याशी याचा संबंध आहे. थोडा धीर धरा.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी जन्मभर शारीरिक शिक्षणाचा मास्तर. निवृत्तीनंतर सहा महिने मुलीकडे टेक्सासला होतो. नातू तिथे हायस्कूलमध्ये शिकतो आणि शाळेच्या फुटबॉल टीममध्ये आहे. त्यांच्या फुटबॉलमध्ये पायाचं काम फार थोडं. चेंडू अंडाकृती, तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. अकरा इकडे, अकरा तिकडे. एक डाव चार-पाच सेकंदांत संपतो, मग थांबायचं आणि पुन्हा मांडणी करायची. मला तर तो खेळ म्हणजे कबड्डी आणि कुस्ती यांची खिचडी वाटली. पुढच्या फळीत जे धिप्पाड गडी असतात त्यांना लाइनमन म्हणतात. व्यावसायिक संघांतले लाइनमन 140 किलोच्या आसपासचे, काही त्याहूनही जास्त. त्यांचं काम एकच, समोरच्याला रेटायचं. चार-पाच सेकंद अंगातलं होतं नव्हतं ते सगळं लावायचं, थोडी विश्रांती, की पुन्हा तेच.

या खेळाडूंची व्यावसायिक संघांत निवड होण्याआधी दरवर्षी एक चाचणी होते. त्यात बेंच प्रेसची परीक्षा असते. बाकावर उताणं झोपायचं आणि 225 पौंडांचा दांडा छातीपर्यंत आणून वर ढकलायचा, जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. 225 पौंड म्हणजे 102 किलो. आपण साखरपट्ट्यातली माणसं, आपल्याला हा आकडा समजायला वजनकाटा लागत नाही. आपल्या लहानपणी कारखान्याच्या गोदामातून निघायचं ते साखरेचं शंभर किलोचं पोतं आठवा. ते पोतं छातीवर घेऊन स्टीफन पेया नावाच्या खेळाडूने 2011 साली 49 वेळा वर ढकललं. लॅरी ॲलन नावाचा दुसरा एक लाइनमन होता, डॅलसच्या संघातला. त्याने एकदाच, पण 700 पौंड ढकलले. म्हणजे 317 किलो. कांद्याच्या सहा गोण्या धरा.

आता आपल्यापैकी कोणी म्हणेल, आमचे हमालही शंभर किलोचं पोतं उचलत होते, त्यांना कुठे जिम होती? खरं आहे. पण त्यांच्या पाठी पाहिल्यात ना? आपल्या वर्गात दोघा-तिघांचे वडील हमाली करायचे. पन्नाशीत माणूस वाकून चालायचा. पोत्याचं वजन कमी व्हावं म्हणून बाबा आढावांच्या हमाल पंचायतीला भांडावं लागलं, ते उगाच नाही. वजन दोघेही उचलतात, फरक कुठे आहे बघा. हमालाला आज अंग दुखतंय म्हणून ऐंशी किलोचं पोतं मिळत नाही. उद्या सुट्टी मिळत नाही आणि संध्याकाळी पोटभर मिळेलच असंही नाही. खेळाडू जे उचलतो ते त्याच्या आजच्या कुवतीला मोजून दिलेलं असतं. एक दिवस उचललं की त्याच स्नायूंना दुसऱ्या दिवशी आराम. जमलं तर पुढच्या आठवड्यात अडीच किलो जास्त, नाही जमलं तर तेवढंच किंवा कमी. वजनाने माणूस मोडतो आणि वजनानेच घडतो. त्यात मोजणारा कोण आहे, यावर सगळं असतं.

अमेरिकेतही हे पहिल्यापासून नव्हतं. 1950 च्या आधी तिथले बहुतेक कोच खेळाडूंना वजनं उचलू देत नसत. त्यांचा समज होता की वजनाने अंग आखडतं, माणूस मंद होतो. ऐकल्यासारखं वाटतं ना? आपल्या तालमीतले वस्ताद अगदी हेच म्हणायचे, ‘जिमचं अंग फुगीर, त्यात दम नाही.’ पुढे बॅटन रूज गावच्या इस्ट्रूमा हायस्कूलमध्ये अल्विन रॉय नावाच्या गृहस्थाने 1955 साली फुटबॉलच्या पोरांना वजनं उचलायला लावली. हा रॉय 1952 च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या वेटलिफ्टिंग संघाबरोबर होता. तेच ऑलिम्पिक, ज्यात आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं. त्या शाळेने त्या वर्षी राज्याचं अजिंक्यपद जिंकलं. त्या संघातला बिली कॅनन पुढे 1959 मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, आणि तो मंद तर नव्हताच, वाऱ्यासारखा पळायचा. मग 1969 मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली नावाच्या तरुणाला केवळ ताकदीचा कोच म्हणून नेमलं. तो स्वतः बांबूउडीचा खेळाडू. 1970 आणि 1971 अशी दोन वर्षं नेब्रास्का राष्ट्रीय विजेतं ठरलं, आणि मग बाकीच्या विद्यापीठांनीही असे कोच शोधायला सुरुवात केली. लक्षात घ्या, लोखंड तर आधीपासून होतंच. नवा आला तो माणूस.

आपल्याकडे लोखंड नव्हतं, पण वजन होतं. मारुतीच्या पारापाशी दगडी गोटा असायचा, तालमीत नाल, मुद्गल आणि करेला. जोर-बैठका तर हजाराच्या घरात. मी त्याला कमी लेखणार नाही. हजार बैठका मारणाऱ्याचा दम काही औरच. पण हजार बैठका म्हणजे तेच वजन हजार वेळा. त्याने दमसास वाढतो, जोर एका हद्दीपर्यंतच वाढतो. समोरच्या नव्वद किलोच्या गड्याला उचलून टाकायचं तर अधूनमधून थोड्याच वेळा, पण भारी वजन उचलायची सवय लागते. अलीकडचे पैलवान हे ओळखतात. वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी झाली तेव्हा आपल्यापैकी बरेच जण गेले होते. त्या पोरांच्या मांड्या आणि पाठी नुसत्या बैठकांच्या नव्हत्या. कबड्डीतही प्रो कबड्डी आल्यापासून तेच.

आता नातवाच्या शाळेतलं सांगतो, कारण मुद्दा तिथे आहे. त्यांच्या वेळापत्रकात गणित-इंग्रजीसारखा खेळाचा तास असतो आणि त्यात वजनांची खोली असते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, गुळगुळीत मशिनं, आरसे, गाणी असं काहीतरी असेल. तसलं फारसं काही नाही. लोखंडी चौकटी, दांडे, चकत्या, जमिनीला रबर, आणि भिंतीवर प्रत्येक पोराचा आकडा लिहिलेला तक्ता. नव्या पोरांना पहिले तीन आठवडे दांडासुद्धा दिला नाही. प्लास्टिकचा पाइप दिला. पोरगा घरी येऊन म्हणायचा, ‘आजोबा, मी पाइप उचलतोय, कुणाला सांगू नका.’ पाठ सरळ राहते का, गुडघे आत वळतात का, टाच उचलते का, हे कोच एकेकाजवळ उभा राहून बघायचा. दोन पोरं दोन बाजूंना उभी राहिल्याशिवाय बेंचवर झोपायचं नाही, हा कडक नियम. दांडा गळ्यावर आला तर काय होतं हे मास्तरकीत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणि त्या भिंतीवरच्या तक्त्यात कोचला बेंचपेक्षा बैठकीचा आणि जमिनीवरून झटक्यात खांद्यावर घ्यायच्या वजनाचा आकडा महत्त्वाचा वाटायचा. त्याला मी विचारलं तेव्हा तो हसला. बाकावर उताणं पडून कोणी फुटबॉल खेळत नाही, जोर पायातून निघतो आणि कमरेतून वर येतो. आपले वस्ताद दुसरं काय सांगायचे?

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तो खेळ आपल्या पोरांनी खेळावा असं मी म्हणत नाही. पिट्सबर्गचा माइक वेबस्टर ताकदीसाठी नावाजलेला. 2002 मध्ये पन्नाशीत गेला, आणि डोक्यावरच्या वर्षानुवर्षांच्या माराने त्याचा मेंदू खराब झाल्याचं नंतर तपासणीत निघालं. दंडाच्या ताकदीने मेंदू वाचत नाही. नातवाच्या बाबतीत माझी मुलगी आणि मी यावर अजून भांडतो.

दुसरी गोष्ट याहून जवळची. ज्या अल्विन रॉयचं मी कौतुक केलं, तोच 1963 मध्ये सॅन डिएगोच्या व्यावसायिक संघात गेला आणि तिथे त्याने खेळाडूंना जेवणाबरोबर स्टेरॉइडच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. त्या वर्षी तो संघ जिंकला. गोळ्या मात्र त्या खेळाला पुढची कित्येक वर्षं चिकटून राहिल्या. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये त्यांची तपासणी सुरू व्हायला 1987 उजाडलं.

हे मी का सांगतो? आपल्या गावातली पोरं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. ती ऑलिम्पिकसाठी पळत नाहीत, पोलीस भरतीसाठी पळतात. मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि 7.260 किलोचा गोळा. मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोचा गोळा. मैदानी चाचणीचे एकूण 50 गुण. एकेका गुणावर घराचं भवितव्य टांगलेलं. गोळा लांब जायला हवा, म्हणजे ताकद हवी, आणि ती तीन महिन्यांत हवी. अशा पोराला कोणीतरी गाठतं, पावडरीचा डबा देतं, मग गोळी देतं, मग इंजेक्शन. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब पडला तर डॉक्टर वापरतात ते मेफेंटरमाइन जिममधल्या पोरांना विकताना आपल्या राज्यात माणसं पकडली गेली आहेत. वर्तमानपत्रात तुम्हीही वाचलं असेल. आपल्याच एका मित्राचा पुतण्या भरतीच्या तयारीत अशा औषधाने दवाखान्यात गेला. मित्र समोर बसला आहे, त्याच्या परवानगीने सांगतो. पोरगा वाचला. भरतीचं वर्ष गेलं.

त्या पोराला कोणी मोजून वजन द्यायला नव्हतं. जिम होती, मशिनं होती, मोठा आरसा होता, पण माणूस नव्हता.

म्हणून आता पैशांचं. आपल्या ग्रुपवर विक्रेत्याने पाठवलेली यादी फिरते आहे. पाय दाबायचं मशीन, दंडाचं मशीन, छातीचं मशीन, दोन ट्रेडमिल. ट्रेडमिल! आपल्या मैदानाच्या कडेने फेरी मारायला कोणाची बंदी आहे? माझं म्हणणं, ती यादी बाजूला ठेवू. जुनी सुतारकामाची खोली रिकामी आहे, जमीन पक्की आहे. तिथे दोन मजबूत चौकटी, 20 किलोचे दोन दांडे, मुलींसाठी 15 किलोचे दोन, शिकाऊंसाठी हलके दांडे, चकत्या आणि खाली रबर. मशिनांच्या निम्म्याहून कमी खर्चात होईल. उरलेल्या रकमेतून तीन वर्षं एका शिकलेल्या प्रशिक्षकाचं मानधन. तो सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास उभा राहील आणि कुलपाची किल्ली त्याच्याकडेच असेल. तो नसेल तेव्हा खोली बंद.

मुलींचं नाव घेतलं की कोणी ना कोणी चुळबुळ करतं, म्हणून सांगतो. आपल्याच दौंड-मनमाड रेल्वेलाइनवरच्या मनमाडमध्ये जय भवानी व्यायामशाळेतल्या मुलींनी वेटलिफ्टिंगमध्ये देशपातळीवर पदकं आणली आहेत. सांगलीच्या संकेत सरगरच्या घरची पानाची आणि चहाची टपरी. त्याने 2022 मध्ये बर्मिंगहॅमला 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्य मिळवलं. कोपराला दुखापत झाली आणि सुवर्ण एका किलोने गेलं. त्याची बहीण काजोलही वेटलिफ्टर. ही सगळी साध्या व्यायामशाळांतून आलेली पोरं आहेत. वजनाने उंची खुंटते ही भीती काही पालकांना वाटते. नीट देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने वाढ थांबत नाही, हे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही स्पष्ट सांगितलं आहे. पालकसभेत हे सांगायला मी स्वतः येईन.

आपले व्यायामाचे सर आज व्हीलचेअरवर का होईना, पण आले आहेत. सर, तुम्ही आम्हाला गोळा फेकायला शिकवलंत तेव्हा पहिला महिना हातात गोळा दिला नव्हता. नुसता हात वळवायला लावला होतात. आम्ही कुरकुर करायचो. टेक्सासमध्ये तो पाइप पाहिला तेव्हा मला तुमचीच आठवण झाली. प्रशिक्षक निवडताना तुम्ही समितीत असावं, ही माझी विनंती.

सामानाची माझी यादी आणि खर्चाचा अंदाज मी छापून आणला आहे. जेवणानंतर मागच्या टेबलावर ठेवतो. ज्यांना मशिनंच हवीत त्यांनीही वाचावी आणि मग माझ्याशी भांडावं. ग्रुपवर नको, समोर बसून. पुढच्या रविवारी सकाळी दहाला सुतारकामाच्या खोलीची मोजमापं घ्यायला मी जाणार आहे. कोणाला यायचं असेल तर टेप घेऊन या.