पहिल्या पुराची मासळी

मृगाचा जोरदार पाऊस झाला, की यवतमाळच्या बेंबळा, अडाण, पूस नद्यांना गढूळ लोंढा येतो आणि बोटभर लांबीची पुंटियस मासळी काठच्या उथळ, गवताळ पाण्याकडे धावते. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका. विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर तांबूस पट्टा, मादीचं पोट अंड्यांनी टम्म. रोहू-कटला साठलेल्या तळ्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांचं बीज आणून सोडावं लागतं. ही मासळी मात्र आपसूक वाढते, वर्षभरातच विणीला येते. म्हणून भोईबांधवांनो, कळकळीची विनंती: पावसाच्या सुरुवातीला नाल्याच्या तोंडाशी मच्छरदाणीचं कापड लावू नका. तिथे धरलेल्या प्रत्येक मादीबरोबर तिच्या पोटातली शेकडो अंडीही टोपलीत जातात.