दोन खोल्यांतील ध्वनिमुद्रिका



गेले काही दिवस या व्यासपीठावरून आपण मोठमोठे विषय ऐकलेत. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच घरगुती आहे. लहान घरात ध्वनिमुद्रिकांचा संग्रह कसा लावावा आणि कसा राखावा, एवढेच आम्हांला सांगायचे आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा तो सांगताना आम्हांला थोडा संकोचच वाटला. पण ते म्हणाले, "अहो, आमच्याही माळ्यावर एक पेटी आहे, बांधून ठेवलेली. ती उघडण्याचा धीर होत नाही." तेव्हा आम्ही ओळखले की या सभागृहात अशा पेट्या बऱ्याच असणार.

आणखी एक खुलासा. 'आम्ही' म्हणतो ते संपादकी थाटाने नव्हे. बोलणारा एक असला तरी संग्रह दोघांचा आहे. आमच्यापैकी एक जण ध्वनिमुद्रिका आणतो आणि दुसरी त्या ठेवते. आणणे सोपे असते, ठेवणे कठीण. म्हणून आजच्या व्याख्यानातले शहाणपणाचे भाग बहुतेक दुसरीचे आहेत, आणि चुका पहिल्याच्या.

आमचा संसार १९७४ पासून दोन खोल्यांत चालू आहे. त्यांत माणसे, पाहुणे, पापडांचे डबे, पुस्तके आणि आज सहाशे जुन्या तबकड्या, दोनशे लाँगप्ले आणि काहीशे सीडी आहेत. हे कसे मावते, असे लोक विचारतात. प्रश्न मावण्याचा नाही हे आम्हांला फार उशिरा कळले. ते कसे कळले, ते आधी सांगतो.

वडिलांचे घर नारायण पेठेत, तळमजल्यावर होते. त्यांच्या तीनशेच्या वर तबकड्या कॉटखाली एका लाकडी पेटीत एकावर एक रचलेल्या असत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले. त्या दिवशीचे पुणे ज्यांनी पाहिले, त्यांना अधिक सांगायला नको. पाणी ओसरल्यावर घरात चिखल तेवढा होता. तबकड्या वाहून गेल्या नव्हत्या. जड म्हणून जागच्या जागी राहिल्या होत्या. काही फुटल्या. बाकीच्या वडिलांनी अंगणात बादलीभर पाण्यात एकेक करून धुतल्या आणि भिंतीला टेकवून सुकत ठेवल्या. पुसल्यावर त्या पहिल्यासारख्या काळ्याभोर चमकू लागल्या. लाखेने तेवढे पाणी सोसले होते. कागदाने मात्र सोसले नव्हते. पाकिटांचा लगदा झाला होता, आणि मधल्या गोल चिठ्ठ्या कुठे निघाल्या होत्या, कुठे पुसल्या गेल्या होत्या.

मग रोज संध्याकाळी वडील एकेक तबकडी लावून ऐकत आणि आवाज ओळखून नाव सांगत. आम्ही पाटीवर लिहून घेत असू. बहुतेक त्यांनी ओळखल्या. चाळीस ओळखता आल्या नाहीत. गाणे पूर्ण ऐकू येत होते, गळा उत्तम होता, पण तो कोणाचा, हे सांगणारे कोणी नव्हते. वडील म्हणाले, "एक वही केली असती, तर ही माणसे हरवली नसती." त्यांनी माणसे म्हटले, तबकड्या म्हटले नाही.

आमचे सांगणे एवढेच आहे: लहान घरात खरे कपाट म्हणजे वही. लाकडी कपाट तिच्या मागून येते.

आता व्यवहाराकडे वळू. प्रथम आपल्या हातात काय आहे ते ओळखावे. मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची असते. तीत दगडाची भुकटी मिसळलेली असते, म्हणून ती जड आणि ठिसूळ. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटे वाजते. १९४८ साली अमेरिकेत लाँगप्ले निघाली. ती व्हिनिलची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, आणि तिची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. म्हणजे एका लाँगप्लेत साधारण सात जुन्या तबकड्यांचे गाणे मावते. १९८२ साली सीडी आली. ती १२ सेंटिमीटरची, आणि तिच्यात तासाहून अधिक गाणे. तिघींचे स्वभाव निराळे आहेत. लाखेला पडण्याची भीती, व्हिनिलला उन्हाची, आणि सीडीला पाठीवरच्या ओरखड्याची. सीडीची चकाकती बाजू लोक जपतात. पण गाण्याचा थर असतो तो छापील बाजूच्या लगेच खाली. तिथे बॉलपेनने नाव लिहिणे म्हणजे गाण्यावरच लिहिणे होय.

तिन्ही जातींना एक नियम लागू आहे. उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की वरच्यांचा भार खालच्यांवर पडतो. लाखेची तडकते, व्हिनिलची वाकते. त्यातून जी हवी असते ती नेहमी सगळ्यांत खाली निघते. उभ्या म्हणजे तिरप्याही नव्हेत. दर वीतभर अंतरावर एक पातळ फळी उभी घाला, म्हणजे त्या एकमेकींवर रेलणार नाहीत. फार घट्टही दाबू नका. बोटांनी सहज मागेपुढे करता याव्यात.

वजनाचा हिशेब मात्र आधी करा. दहा इंची शंभर तबकड्या साधारण एका फुटात उभ्या राहतात, पण त्यांचे वजन वीस किलोच्या वर भरते. आमच्या सहाशे तबकड्यांना सहा फूट फळी पुरते, परंतु त्या फळीवर सव्वाशे किलोचे ओझे असते. आम्ही पहिली फळी भिंतीवर उंच ठोकली होती. ती हळूहळू होडीसारखी झाली, तेव्हा सुताराने आम्हांला विचारले, "साहेब, यावर दगड ठेवता का?" आता आमचे कपाट बुटके आहे. त्याला दर दीड-दोन फुटांवर उभा आधार आहे, आणि वर बसायची गादी आहे. पाहुणे तिच्यावर बसतात. आपण बालगंधर्वांच्या वर बसलो आहोत हे त्यांना ठाऊक नसते.

खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर आहे. हा पानशेतचा धडा. कपाटाची पाठ न्हाणीच्या किंवा पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीला टेकू देऊ नये. आपल्याकडे चार महिने ओल असते. तीत खाचांतून पांढरी बुरशी धरते, आणि पाकिटांना कसर लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवल्याने रक्षण होते असे वाटते, पण आत कोंडलेली ओल आतच राहते. श्रावणातल्या उघडिपीत एक दिवस काढून कपाटाची दारे उघडावी, पाकिटे चाळावी, कुजकी बदलावी. तबकड्यांना मात्र ऊन दाखवू नये. त्या पापड नव्हेत.

इथे आमच्यापैकी पहिल्याची एक चूक सांगणे प्राप्त आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या एका तबकडीवर बुरशी दिसली, म्हणून त्याने कापसावर स्पिरिट घेऊन ती चोळून पुसली. व्हिनिलला हे चालून गेले असते. पण लाख स्पिरिटात विरघळते, हे प्रत्येक पॉलिशवाल्याला माहीत आहे. दोन मिनिटांत काळी चकाकी गेली आणि तिच्याबरोबर खाचाही गेल्या. खाँसाहेब १९३७ साली गेले. आमच्या घरात ते पुन्हा एकदा गेले, आणि तेही आमच्या हाताने. दुसरी त्यावर काही बोलली नाही. तिने वहीत त्या क्रमांकापुढे तारीख घातली आणि 'खराब' असे लिहिले. लाखेसाठी पाण्याने किंचित ओलसर केलेले मऊ फडके पुरते. चिठ्ठी कोरडी ठेवावी आणि लगेच पुसून घ्यावे.

आता लावण्याचा प्रश्न. बहुतेक रसिक पहिल्याच उत्साहात गायकांप्रमाणे किंवा रागांप्रमाणे कप्पे पाडतात. आम्हीही पाडले. महिन्याभरात दोन अडचणी आल्या. एक अशी की, तबकडीला बाजू दोन. एकीवर तोडी, दुसरीवर भैरवी. ती कोणत्या कप्प्यात घालावी? दुसरी अडचण जागेची. गायकांप्रमाणे लावायचे तर प्रत्येक गायकापुढे पुढच्या खरेदीसाठी थोडी मोकळी जागा सोडावी लागते. मोठ्या घराला हे परवडते. दोन खोल्यांत रिकामी जागा जपणे ही चैन आहे. आणि सोडली नाही तर एक तबकडी आली की शंभर सरकवाव्या लागतात.

ग्रंथपालांकडून आम्ही याचा उपाय शिकलो. प्रथम फक्त आकाराप्रमाणे वेगळ्या करा, कारण दहा इंची आणि बारा इंची एकत्र उभ्या केल्या की लहान मोठ्यांच्या आड दडतात. मग घरात येईल त्या क्रमाने नंबर द्या. नवी आली की ती शेवटी उभी राहील. जुनी कोणी हलणार नाही. गायक, राग, नाटक, हे सगळे वहीत लावायचे. तबकडी एकाच जागी उभी राहू शकते. पण तिचे नाव वहीत चार ठिकाणी येऊ शकते. आमच्या वहीत एक यादी नंबरांची, एक गायकांची, एक रागांची आणि एक नाटकांची आहे. नंबर पाकिटावर पेन्सिलीने लिहावा, चिठ्ठीवर नव्हे.

वहीत आणखी एक गोष्ट अवश्य टिपावी. चिठ्ठीभोवतीच्या गुळगुळीत भागात बारीक अंक उमटवलेले असतात. तो मूळ साच्याचा क्रमांक होय. तो चिखलाने जात नाही. मुंबईत १९९० साली ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची एक संस्था निघाली, जुन्या मुद्रणांच्या सूच्या छापून आल्या, आणि अशा अंकांवरून आम्ही वडिलांच्या चाळीस निनावी तबकड्यांतल्या एकोणतीसांची नावे लावली. काही अगदी जुन्या तबकड्यांनी तर आपले नाव आपणच सांगितले. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे मुद्रण झाले, तेव्हा गाणे संपताच ती आपले नाव उच्चारी. तबकड्या त्या काळी जर्मनीत हानोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या कारागिरांना गाणारे कोण हे कळावे अशी ती सोय होती. गायकाने नाव सांगायचे आणि कारागिराने लिहून घ्यायचे, हीच पहिली वही.

आता नकोसा प्रश्न: काय ठेवायचे आणि काय द्यायचे? आमचे कपाट भरले त्या दिवशी दुसरीने नियम केला, की एक आत आली तर एक बाहेर जाईल. पहिल्याला तो जुलूम वाटला. पण त्या नियमाने आम्ही ऐकायला शिकलो, कारण द्यायची कोणती हे ठरवायला दोन्ही ऐकाव्या लागतात. एकाच मुद्रणाच्या दोन प्रती असतील तर चांगली ठेवावी. जे गाणे लाँगप्लेवर किंवा सीडीवर पुन्हा निघाले आहे, त्याची झिजलेली जुनी तबकडी देऊन टाकायला हरकत नाही. जे कुठेच पुन्हा निघालेले नाही, ते मात्र रडतखडत वाजत असले तरी घराबाहेर जाऊ देऊ नये.

निवडीचे एक विलक्षण उदाहरण आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली आणि प्रत्येकाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक बारा इंची तबकडी पाठवली. साऱ्या पृथ्वीच्या संगीताला जागा मिळाली ती एका तबकडीची! तीत सुमारे नव्वद मिनिटांचे संगीत मावावे म्हणून वेग लाँगप्लेच्या निम्मा ठेवला, मिनिटाला १६⅔ फेऱ्या. कार्ल सेगन यांच्या समितीने सत्तावीस रचना निवडल्या. त्यांत गोव्याच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. पंचावन्न भाषांतल्या अभिवादनांत मराठीही आहे. पण आम्हांला त्याहून महत्त्वाचे वाटले ते तिचे वेष्टन. तबकडी कशी वाजवावी याच्या खुणा त्यावर कोरल्या आहेत, आणि सोबत सुईही दिली आहे. ज्याला आपली भाषा येत नाही, त्याच्यासाठी ही नोंद आहे. आपल्या नातवंडांसाठी तेवढे तरी आपण करावे.

कोणी म्हणेल, आता हे सारे खिशातल्या फोनमध्ये मावते. मावते खरे. आमच्या सहाशे तबकड्या म्हणजे जेमतेम पासष्ट तासांचे गाणे. आम्हीही ते उतरवून घेतले आहे, आणि रोज ऐकतो ते उतरवलेलेच, म्हणजे मूळ झिजत नाही. पण उतरवलेल्यालाही नाव द्यावे लागते. 'ट्रॅक १, ट्रॅक २' अशा नावांनी साठवलेले गाणे चिठ्ठी गेलेल्या तबकडीसारखेच असते. शिवाय ते एकाच ठिकाणी ठेवले आणि यंत्र बिघडले, की पानशेतचे पाणी कोरड्या जागीही येते. दोन प्रती करा, आणि दुसरी दुसऱ्याच्या घरी ठेवा.

शेवटी एकच हकिकत. आमच्या ओळखीचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. हजारावर तबकड्या, सगळ्या पाठ. वही कशाला, असे म्हणत. ते गेले त्यानंतर पंधरवड्याने आम्ही भेटायला गेलो. मुलगा दारातच म्हणाला, "काका, तुम्ही काल यायला हवं होतं. काल जुन्या बाजारातला माणूस येऊन सगळं घेऊन गेला." मुलगा चांगला होता, वडिलांचे आजारपण त्यानेच काढले होते. खोली एक, माणसे पाच. त्याने आम्हांला विचारले, "त्यांत काही मोलाचं होतं का हो? बाबा कधी बोलले नाहीत." आम्ही "नाही" म्हणालो. खोटे बोललो. पुढच्या रविवारी बाजारात जाऊन शोधले, तर तबकड्या तीन दुकानांत विखुरल्या होत्या. सात परत आणता आल्या.

तेव्हा आमची एवढीच विनंती. आज घरी गेल्यावर माळ्यावरची पेटी खाली काढा. सगळी आवरू नका; तसे ठरवले तर ती पुन्हा वर जाईल. दहाच तबकड्या काढा, दहांची नावे, दोन्ही बाजूंचे गाणे आणि मधले बारीक अंक लिहा, आणि ती वही घरातल्या सर्वांत लहान वाचत्या माणसाला दाखवून ठेवा. उद्या आणखी दहा.

आमच्याकडे वडिलांच्या अकरा तबकड्या अजून निनावी आहेत. त्यांचे गाणे आम्ही दाराशी ठेवलेल्या यंत्रावर भरून आणले आहे. कोणा वडीलधाऱ्यांना जाताना दोन मिनिटे थांबून ऐकता आले आणि एखादा गळा ओळखू आला, तर शेजारच्या वहीत नाव लिहावे.